मासा लागतो, पण हाती येत नाही: दोष नेमका कुठे शोधायचा?

आमिषावर दणका बसतो, रॉड वाकतो, पाण्यात हिरवट कूस चमकते आणि पुढच्या क्षणी हातातला भार गायब. एखाद्या वेळी झालं तर सोडून द्यावं. पण एका सकाळी पाच बॅस मासे लागले आणि पाचही सुटले, पुढच्या खेपेला पुन्हा तेच, असं चाललं असेल तर मासे हुशार झालेले नाहीत. आपल्या सामानाचा आपापसात मेळ नाही.

अशा वेळी बहुतेक जण नवं रीळ घेतात. मीही घेतलं होतं. जुन्यापेक्षा महाग, जास्त बेअरिंगचं, फिरवताना लोण्यासारखं. मासे पूर्वीसारखेच सुटत राहिले, फक्त आता कमी आवाजात. त्याचा ड्रॅग, म्हणजे ठरावीक भारापुढे लाइन सरकू देणारा रिळातला ब्रेक, सोडला तर मासा सुटण्याशी रिळाचा संबंध सगळ्यात कमी असतो, आणि आपले पैसे मात्र सगळ्यात जास्त तिथेच जातात.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी एक सवय लावून घ्या. मासा गेला की परत आलेलं लाइनचं टोक कापून फेकू नका, आधी नीट बघा. मी सामानाच्या डब्यात एक जाड कार्ड ठेवतो. तुटलेलं टोक चिकटपट्टीने त्यावर लावायचं आणि शेजारी तीन गोष्टी लिहायच्या: रॉड कोणता, आमिष कोणतं, मासा किती अंतरावर असताना गेला. सात-आठ नोंदी झाल्या की दोष आपणहून दिसायला लागतो. माझ्या पहिल्या कार्डावर सहा टोकं कुरळी होती, आणि त्या सहाही गाठी मीच मारलेल्या.

टोक कुरळं आलं

डुकराच्या शेपटासारखा पीळ पडलेलं टोक म्हणजे लाइन तुटलेली नाही, गाठ घसरून उकलली आहे. नायलॉनच्या लाइनवर, म्हणजे तंगूसवर, साधी क्लिंच गाठ चांगली धरते, कारण नायलॉन मऊ असतं आणि ताणाखाली स्वतःलाच चावून बसतं. तीच गाठ विणलेल्या लाइनवर मारली की ती गुळगुळीत लाइन वेढ्यांमधून हळूहळू सरकत जाते. लहान मासा निघतो, म्हणून शंका येत नाही. मोठा लागला की गाठ पोकळ होते. विणलेल्या लाइनवर पालोमार मारा. लाइन दुमडून दुहेरी करायची, गळाच्या डोळ्यातून काढायची, साधी सैल गाठ मारायची, गळ त्या फासातून पार करायचा आणि ओढायचं. अंधारातही जमते.

फ्लुरोकार्बन या तिसऱ्या प्रकारच्या लाइनचा त्रास निराळा. ते कडक असतं, आणि गाठ कोरडीच ओढून आवळली तर घर्षणाने तापून तिथेच कमकुवत होतं. अशी लाइन गाठीतच तुटते आणि टोक कुरळं नसून आखूड वाकलेलं, कधी किंचित पांढुरकं दिसतं. उपाय सोपा: आवळण्याआधी थुंकीने ओली करा, हळू ओढा, वेढे एकमेकांवर चढलेले दिसले तर कापून पुन्हा मारा. शेंडी दोनेक मिलिमीटर राहू द्या. नेलकटरने अगदी गाठीलगत कापायचा मोह आवरा.

गाठ झाली की गळ पकडीच्या तोंडात अडकवून लाइन सावकाश, वाढत्या ताणाने खेचा. हिसका देऊ नका. फुटायची असेल तर ती इथे फुटू दे.

टोक खरखरीत किंवा पिसारलेलं आलं

लाइन घासली गेली आहे. बॅसचे दात कानशीसारखे बारीक असतात, ते लाइन कापत नाहीत. पण आमिष खोल गिळलं आणि मासा बराच वेळ झुंजला की तेवढ्यानेही लाइनचा शेवटचा वीतभर भाग खरवडला जातो. त्याहून मोठे गुन्हेगार म्हणजे खडक, शिंपले आणि पाण्याखालची झाडं. शेवटचा अर्धा मीटर दोन बोटांत धरून दर काही फेकींनी चाचपा. खरखर लागली की कापा आणि पुन्हा बांधा. कंटाळा येतो, कबूल आहे. मासे जातात त्यातले निम्मे याच कंटाळ्यामुळे जातात असं माझं मत आहे.

खडक नाहीत, झाडं नाहीत, तरी लाइन झिजते आहे, तेही गाठीपासून लांब? मग रॉडच्या कड्या तपासा. कडीच्या आतल्या चिनीमातीच्या वळ्याला केसाइतकी चीर गेली तरी ती ब्लेडसारखं काम करते आणि डोळ्यांना दिसत नाही. कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवा. जिथे धागा अडकेल ती कडी बदलायची. टोकाची कडी सगळ्यात आधी बघा, रॉड गाडीतून नेताना मार तिलाच बसतो.

मधूनच, आणि तेही झटका देताच तुटली

इथे दोन शक्यता. पहिली, बेटकास्टर रिळावर (ज्यात फेकताना स्पूल, म्हणजे लाइनची फिरकी, स्वतः फिरते) मागच्या खेपेला मोठा गुंता झाला होता, तो तुम्ही ओढून ओढून सोडवला, आणि लाइनला एक घडी पडून राहिली. फ्लुरोकार्बनमध्ये अशी घडी म्हणजे ठरलेला तुटायचा बिंदू. गुंता झालेला भाग पूर्ण उलगडून बघा आणि पांढरी रेघ दिसली तर तिथपर्यंतची लाइन टाकून द्या. गुंता वारंवार होत असेल तर आधी तो थांबवा: आमिष रॉडच्या टोकाला लटकवून बटण दाबा, ते सावकाश खाली गेलं पाहिजे, आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबला पाहिजे. बाजूची कळ तेवढी आवळा. ब्रेक सुरुवातीला जास्त ठेवा, हात बसेल तसे कमी करा. शिवाय रॉडवर आमिषाच्या वजनाची मर्यादा छापलेली असते ती वाचा. पाव ते पाऊण औंस, म्हणजे साधारण ७ ते २१ ग्रॅम लिहिलं असेल आणि तुम्ही ४ ग्रॅमचं आमिष फेकत असाल, तर ब्रेक कसाही लावा, गुंता होणारच. तेवढं हलकं आमिष स्पिनिंग रिळाचं काम आहे, ज्यात फेकताना स्पूल फिरत नाही.

दुसरी शक्यता, ड्रॅग दगडासारखा आवळलेला. हाताने लाइन खेचून "बरोबर वाटतंय" म्हणणं हा अंदाजपंचे कारभार आहे. स्प्रिंगचा वजनकाटा घ्या, लाइन त्याला बांधा, रॉड ४५ अंशात धरा आणि काटा कुणाला तरी ओढायला सांगा. लाइन रॉडच्या कड्यांमधूनच गेली पाहिजे, कारण मासा ओढतो तेव्हाही ती तिथूनच जाते. लाइनच्या ताकदीच्या पाव ते तृतीयांश भाराला ड्रॅग सरकायला हवा. १२ पौंडी लाइनची ताकद ५.४ किलो, म्हणजे ड्रॅग १.४ ते १.८ किलोवर. पहिल्यांदा मोजलं तेव्हा माझा ड्रॅग चार किलोला ढिम्म हलत नव्हता, आणि मी स्वतःला हलक्या हाताचा समजत होतो.

ड्रॅग मोजताना एक विचित्र प्रकार दिसू शकतो: ड्रॅगचा आवाज येत नाही, पण लाइन निघत राहते. विणलेली लाइन थेट धातूच्या स्पूलवर गुंडाळली की अख्खी गुंडाळी स्पूलभोवती घसरते. आधी दहा-बारा वेढे नायलॉनचे द्या आणि त्यावर ती बांधा, किंवा स्पूलला आधी चिकटपट्टी लावा.

काहीच तुटलं नाही, तरी मासा नाही

सगळ्यात जास्त डोकं खाणारा प्रकार हाच. गाठ शाबूत, लाइन शाबूत, आमिष परत आलं. फार तर रबरी किडा गळावरून खाली सरकलेला. इथे थोडं थांबून विचार करावा लागतो.

मासा आणि तुमचा हात यांच्यामध्ये तीन स्प्रिंगा असतात. लाइन ताणली जाते, रॉड वाकतो, ड्रॅग सरकतो. या तिघांची मिळून जी ढील होते, ती गळाला मानवली पाहिजे. जाड तारेचा एकेरी गळ रबरी आमिषात लपलेला असेल, तर त्याला आधी ते रबर फोडायचं असतं, मग जबडा. त्याला ढील नको, जोर हवा. उलट क्रँकबेट, म्हणजे ओढताना डुलत पोहणारं माशाच्या आकाराचं कडक आमिष, त्याखाली लटकणारे बारीक ट्रेबल (तीन टोकांचे) गळ सहज टोचतात, पण वरवर धरतात. त्यांना जोर दिला की मांस फाडून बाहेर येतात किंवा सरळ होतात. त्यांना ढील हवी.

सामान सुटंसुटं निवडताना आपण नेमकं हेच विसरतो. आधी रीळ आवडतं, मग त्याला शोभेल असा रॉड, मग दुकानदार देईल ती लाइन, आणि गळ पाकिटात जो येतो तो. क्रम उलटा करा. आधी आमिष आणि त्याचा गळ, त्या गळाला मानवेल ती लाइन, त्या लाइनला सांभाळेल तो रॉड, आणि शेवटी रीळ.

नेहमी दिसणारी एक चुकीची जोडी बघा. मध्यम ताकदीचा, मध्यापर्यंत वाकणारा रॉड, त्यावर १० पौंडी नायलॉन, पुढे टेक्सास रिगमध्ये, म्हणजे टोक रबरी आमिषात लपवलेला, ४/० ऑफसेट गळ. नायलॉन तुटेपर्यंत ओढलं तर एक पंचमांशाहूनही जास्त लांबतं. झटक्याने ते इतकं ताणलं जात नाही, पण पाचच टक्के धरलं तरी ३० मीटरवर दीड मीटर झालं. तुम्ही जीव खाऊन रॉड मागे घेतला, दीड मीटर लाइनने खाल्लं, उरलेलं रॉडच्या वाकाने, आणि गळाचं टोक रबरातून जेमतेम डोकावलं. बॅसने आमिष जबड्यात घट्ट दाबून धरलं होतं, म्हणून तुम्हाला भार जाणवला. काठाजवळ आल्यावर त्याने तोंड उघडलं. तो कधी टोचलाच गेला नव्हता.

विश्वास बसत नसेल तर वजनकाटा खांबाला बांधा, लाइन काट्याला, २५ मीटर मागे जा आणि नेहमीसारखा झटका द्या. मित्राला काटा वाचायला सांगा. वाटतं त्याच्या निम्म्यानेही तो हलत नाही. मग तेच विणलेल्या लाइनवर करून बघा. मला तरी दुसरा कुठलाही पुरावा लागला नाही.

तर अशा लपवलेल्या गळासाठी टोकाकडेच वाकणारा, मीडियम-हेवी ताकदीचा, साधारण ७ फुटी रॉड घ्या. इथे दोन शब्दांची गल्लत होते: रॉड कुठे वाकतो ती त्याची ॲक्शन, आणि वाकायला किती भार लागतो ती त्याची पॉवर. फास्ट म्हणजे ताकदवान नव्हे, फास्ट म्हणजे फक्त टोकाकडे वाकणारा. लाइन १५ पौंडी फ्लुरोकार्बन, किंवा विणलेली लाइन आणि पुढे फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे गळाकडचा वेगळ्या लाइनचा तुकडा, डबल युनि गाठीने जोडलेला. फ्लुरोकार्बन अजिबात ताणत नाही असं छातीठोक सांगणारे भेटतील. ताणतं. त्याचे खरे गुण दुसरे: पाण्यापेक्षा बरंच जड असल्याने ते बुडतं, झिजेला जास्त टिकतं, आणि प्रकाश वाकवण्याचा त्याचा गुणांक १.४२, म्हणजे पाण्याच्या १.३३ च्या नायलॉनपेक्षा जवळ, म्हणून कमी दिसतं. पाण्यावर तरंगणाऱ्या आमिषाला मात्र तेच बुडणं नडतं. तिथे नायलॉन बरं.

या रॉडला ७:१ (मुठीच्या एका फेऱ्याला स्पूलचे सात फेरे) किंवा त्याहून वेगवान रीळ शोभतं. वेगाने ओढायला नव्हे. मासा आमिष घेऊन तुमच्याच दिशेने पोहत आला की सैल लाइन पटकन गुंडाळायला. सैल लाइनवर दिलेला झटका म्हणजे हवेत मारलेला गुद्दा.

आता नेमकी उलटी चूक. वरच्या उपायाने खूश होऊन तोच कडक रॉड आणि तीच विणलेली लाइन क्रँकबेटला लावायची. मासा दणकून लागतो, पहिल्या उडीत ट्रेबल गळ निसटतो. कधी गळावर मांसाचा बारीक तुकडा येतो, कधी एक टोक उघडलेलं दिसतं. इथे मध्यापर्यंत वाकणारा, फायबरग्लासचा किंवा मिश्र रॉड, १० ते १२ पौंडी नायलॉन किंवा फ्लुरोकार्बन, ५ ते ६ च्या दरम्यान गुणोत्तराचं रीळ आणि किंचित सैल ड्रॅग. आणि झटका नको. भार जाणवला की गुंडाळत राहायचं आणि रॉड बाजूला ओढून धरायचा. मासा स्वतःच गळ रुतवून घेतो. सवय मोडायला मला एक अख्खा हंगाम लागला, हात आपसूक वर जायचा.

ड्रॉप शॉटसारख्या (शिसं खाली, गळ त्याच्या वर) हलक्या प्रकारातही तेच: बारीक तारेचा १ किंवा २ नंबरचा उघडा गळ, ६ ते ८ पौंडी लाइन, स्पिनिंग रॉड, आणि झटक्याऐवजी मनगटाचा संथ ओढा. गळांच्या आकड्यांत नवखे फसतात म्हणून सांगतो: २ नंबरचा गळ १ नंबरपेक्षा लहान, पण २/० चा गळ १/० पेक्षा मोठा.

बेडकाच्या आकाराचं पोकळ आमिष हा सगळ्यांत टोकाचा प्रकार. दाट वनस्पतीवरून ओढताना ५० ते ६५ पौंडी विणलेली लाइन, हेवी रॉड, ड्रॅग जवळजवळ पूर्ण आवळलेला. कुणी म्हणेल, एवढी जाड कशाला? लार्जमाउथ बॅसचा जागतिक विक्रम २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे १० किलोंच्या आसपास. जॉर्ज पेरी यांनी तो १९३२ साली जॉर्जियात केला आणि २००९ मध्ये मानाबू कुरिता यांनी जपानच्या बिवा सरोवरात त्याची बरोबरी केली. कुरितांचा मासा थोडा जड भरला, पण विक्रम मोडायला निदान दोन औंसांचा फरक लागतो, म्हणून दोघंही बरोबरीत. आपल्याला लागणारे बहुतेक बॅस याच्या पाव वजनाचेही नसतात. ती जाड लाइन माशासाठी नाहीच, त्याच्याभोवती गुंडाळल्या जाणाऱ्या घमेलंभर शेवाळासाठी आहे. बेडकावर मासा चुकण्याचं कारण मात्र बहुधा घाई असतं. पाणी उसळलं की झटका देऊ नका, बेडूक दिसेनासा झाला आणि लाइनला भार आला की द्या.

या सगळ्याआधी, आणि सगळ्यात स्वस्त तपासणी म्हणजे गळाचं टोक. अंगठ्याच्या नखावर तिरकं टेकवून हलकेच ओढा. रुतलं तर ठीक, घसरलं तर बोथट. खडकाला दोनदा लागलेला गळ नवा असला तरी बोथट असतो. छोट्या कानशीने धार करता येते, पण ट्रेबल गळ असेल तर मी सरळ बदलतो.

अगदी काठाशी येऊन सुटतो

कार्डावर "दोन मीटर" असं वारंवार लिहिलं जात असेल, तर तुमची एक स्प्रिंग संपली आहे हे लक्षात घ्या. लांबवर असताना लाइनचा ताण हिसके पोटात घेत होता. आता लाइनच दोन मीटर, ताणणार काय? मासा नेमका इथे, होडीची किंवा माणसाची सावली बघून, शेवटची उसळी मारतो. ड्रॅग अर्धा फेरा सैल करा, किंवा बेटकास्टरचं बटण दाबून अंगठ्याने स्पूल धरा आणि लागेल तशी लाइन सोडा. रॉड उभा करून मासा उचलायला जाऊ नका. जाळी आधी पाण्यात ठेवा आणि मासा तिच्यावर आणा.

स्पिनिंग रीळवाल्यांची याच वेळी एक वेगळी खोड असते. मासा लाइन नेतो आहे, ड्रॅग करकरतो आहे आणि आपण घाबरून मूठ फिरवतच राहतो. लाइन आत येत नाही, फक्त पीळ पडतो. ६:१ गुणोत्तराच्या रिळावर मुठीच्या प्रत्येक फेऱ्याला सहा पीळ. पुढच्या खेपेला लाइन वेटोळी होऊन पहिल्या कडीत अडकते आणि आपण लाइन बनवणाऱ्याला शिव्या घालतो. ड्रॅग चालू असताना हात थांबवा. फेकताना उघडलेली बेलची तार (लाइन धरणारी कमान) फेकीनंतर हाताने बंद करा. पीळ पडलाच असेल तर आमिष काढून नुसती लाइन चालत्या होडीमागे किंवा वाहत्या पाण्यात लांब सोडा, काही मिनिटांत उलगडते.

एकच रॉड घ्यायचा आहे, काय घेऊ, असं विचारणाऱ्यांना मी ७ फुटी, मीडियम ताकदीचा, फास्ट स्पिनिंग रॉड सांगतो. २५०० ते ३००० आकाराचं रीळ, १० ते १५ पौंडी विणलेली लाइन आणि पुढे ८ ते १० पौंडी फ्लुरोकार्बनचा एक-दीड मीटर लीडर. मध्यम तारेचे गळ वापरा. तो दाट शेवाळात चालणार नाही, आणि मोठ्या क्रँकबेटला थोडा कडक पडेल. तिथे ड्रॅग सैल ठेवून निभावून न्या. घरी आल्यावर मात्र ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा, नाहीतर आतल्या चकत्या दाबलेल्या राहून पुढच्या खेपेला तो आधी अडकतो आणि मग एकदम सुटतो.

एवढं करूनही माझ्या कार्डावर एक रकाना भरतच असतो: उडी. बॅस हवेत डोकं झटकतो तेव्हा शिशाने किंवा छर्‍यांनी जड केलेलं आमिष लोलकासारखं फिरतं आणि आपल्याच वजनाने गळ उपसून काढतं. आमिष जितकं जड, तितकं हे जास्त. लाइन पाण्यातून वर तिरकी होऊ लागली की मासा उडी घेणार हे ओळखा, रॉडचं टोक पाण्यापर्यंत खाली न्या आणि गुंडाळायचा वेग वाढवा. निम्म्या वेळा त्याचं नुसतं डोकंच बाहेर येतं. उरलेल्या निम्म्या वेळांसाठी मी शिसं घट्ट बसवलेल्या आमिषाऐवजी लाइनवर सरकणारं शिसं वापरतो. मासा हवेत गेला की ते लाइनवरून मागे सरकतं आणि गळाजवळ हेलकावे द्यायला काही उरत नाही.